शाल, नारळ आणि पंधरवड्याचा डेमो

त्या वर्षी आमच्या घरी नारळ विकत आणावा लागला नाही. खोबऱ्याच्या वड्या झाल्या, चटण्या झाल्या, शेजारीपाजारी वाटून झाले, तरी ओट्याखाली दोन-चार नारळ गडगडतच असायचे. कपाटातला एक कप्पा शालींनी भरला होता. पुंडलिकनगरातल्या माझ्या शेजारणीला वाटलं, मी कुठल्या तरी देवस्थानाची विश्वस्त झाले आहे आणि मुद्दाम सांगत नाही. प्रत्यक्षात मी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होते आणि हे नारळ मला ऑफिसच्या कामातून मिळत होते. नारळागणिक माझी धाकधूक वाढत होती. ती का, हे सांगायचं तर आधी आमचा धंदा थोडा समजावून सांगावा लागेल.

मोठे संगणक प्रकल्प मार्गी लावणं हे माझं काम होतं. गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझ्या उमेदीच्या काळात पद्धत अशी होती की गिऱ्हाइकाला काय हवं ते एकदाच बसून विचारायचं, त्याचं जाडजूड बाड करायचं, त्यावर सह्या घ्यायच्या आणि मग वर्ष-दोन वर्षं दार लावून प्रोग्राम लिहीत बसायचं. दार उघडून दाखवायला गेलं की गिऱ्हाईक म्हणायचं, हे आम्ही कधी मागितलं होतं? बऱ्याचदा मागणारा साहेबच तोवर बदलून गेलेला असायचा.

यावर उतारा म्हणून अ‍ॅजाइल नावाची पद्धत आली. नाव परकं असलं तरी गोष्ट सोपी आहे. मोठ्या कामाचे लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा एका चिठ्ठीवर लिहायचा, तोही वापरणाऱ्याच्या तोंडून, म्हणजे ‘शेतकरी म्हणून मला माझी पाळी मोबाइलवर कळावी’ असा. पंधरा दिवसांत जमतील तेवढ्या चिठ्ठ्या हातात घ्यायच्या आणि पंधरवडा संपला की झालेलं काम वापरणाऱ्या माणसांपुढे मांडायचं. याला डेमो म्हणतात. डेमोत समोरच्यानं खोड काढायची आणि आपण ती पुढच्या पंधरवड्यात दुरुस्त करायची. सगळी पद्धत त्या खोडीवर उभी आहे. चूक लवकर आणि स्वस्तात सापडावी एवढाच तिचा हेतू आहे.

पद्धत परदेशात ठरली आणि राबवायची होती आमच्या शहरात, त्यामुळे गंमत व्हायचीच. रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं हे एकमेकांना सांगायचं असतं. आमची मुलं उभी राहायची ती हेडमास्तरांपुढे उभी राहिल्यासारखी, हात मागे बांधून, आणि सांगायची फक्त मला. शेवटी मी त्यांच्या पाठीमागे कपाटापाशी जाऊन उभी राहू लागले. आठवडाभर त्यांच्या माना मागे वळत होत्या. मग मान दुखायला लागली असेल, ती एकमेकांशी बोलायला लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘होऊन जाईल’. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला हे शब्द ऐकून बरं वाटतं. आपल्याकडचं माणूस ‘बघू’ म्हणालं, तर काम होणार नाही. ‘होऊन जाईल’ म्हणालं, तर ते काम त्याच्या लक्षात आहे, एवढंच. आणि ‘झालंच समजा’ म्हणालं, तर अजून हातही लागलेला नाही. मी नव्या मुलांना प्रोग्रामिंगच्या आधी हे शिकवायचे, आणि याबाबतीत माझा शब्द शेवटचा मानला जायचा, हे जरा अभिमानानं सांगते.

तर आता नारळांकडे वळते. आम्हाला एका साखर कारखान्याचं काम मिळालं. त्याचे इतर जिल्ह्यांत भाऊबंद कारखाने होते आणि सगळ्यांचा कारभार एका व्यवस्थेत आणायचा होता. उसाच्या नोंदीपासून वजनकाट्यापर्यंत आणि काट्यापासून साखरेच्या गोदामापर्यंत सगळं एका धाग्यात. उस्मानपुऱ्यात आमच्या कंपनीचे दोन मजले या एका कामाला लागले होते. नोंदीची टीम वेगळी, काट्याची वेगळी, हिशोबाची वेगळी. एकीचं काम दुसरीवाचून अडायचं. भिंतीवर चिठ्ठ्या लावून जी कामं एकमेकांवर अवलंबून, त्यांच्यामध्ये आम्ही लाल दोरा बांधायचो. ती भिंत बघून चहावाला म्हणाला होता, मॅडम, नवस बोललाय का?

या सगळ्याचा जीव होता तोडणीच्या पाळीत. ऊस सगळ्यांचा एकदमच पिकतो, कारखाना एकदम गाळू शकत नाही. म्हणून प्रत्येक शेताला पाळी असते. पाळी आली की तोडणी कामगारांची टोळी त्या शेतात उतरते. पाळी लांबली की उसाला तुरे येतात, वजन घटतं. त्यामुळे ज्याची ओळख त्याची पाळी आधी, हा प्रकार बहुतेक ठिकाणी चालतो आणि गावोगाव त्यावरून भांडणं होतात.

गंगापूरकडच्या गटाचे, म्हणजे कारखान्याला ऊस देणाऱ्या तिकडच्या गावांचे, शेतकी अधिकारी होते रावसाहेब. धिप्पाड माणूस, आवाज खणखणीत, स्वतःबद्दलचं मत उत्तम. शेतकी अधिकारी म्हणजे कारखान्याच्या वतीनं नोंदी आणि तोडणी बघणारा माणूस. दिवसभर त्यांचा फोन वाजत असे आणि प्रत्येक फोन कुणाची तरी पाळी पुढे सरकवण्यासाठी. या फोनना ते विटले होते. आमचं काम सुरू झालं तसं त्यांनी आपल्याच गावात, मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात लोकांना जमवून शब्द दिला. मी तिथं हजर होते.

“औंदा पाळी कम्प्युटर देणार,” ते म्हणाले. “ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची पाळी आधी. माझा सख्खा भाऊ असला तरी रांगंत उभा ऱ्हाईल. आन यात जर खोट निघाली, तर म्या या गावात पाणी प्यायला बी येणार नाय.”

सख्खा भाऊ समोरच बसला होता. त्यांना सगळे अण्णा म्हणत. वडील लवकर गेल्यावर अण्णांनीच रावसाहेबांना शिकवलं होतं. ते पागोट्याचा शेव नीट करत बसले.

आमचे संचालक मनानं मोठे आणि समारंभाचे हौशी. पहिल्याच डेमोला त्यांनी ठरवलं की कारखान्याची माणसं एवढ्या लांबून येणार, तर त्यांचा सत्कार झाला पाहिजे. शाली आल्या, नारळ आले. रावसाहेबांना शाल घातली, टाळ्या झाल्या. कारखान्याची माणसं काही कमी नाहीत. पुढच्या डेमोला तेही शाली घेऊन आले आणि त्यांनी आमचा सत्कार केला. मग हे थांबेना. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, त्यांच्याकडून आम्हाला नारळ, आमच्याकडून त्यांना नारळ, दोन मनोगतं, आणि जेवायच्या आधी उरलेल्या वेळात डेमो. तेवढ्यात पडद्यावर काय दाखवलं ते कुणी नीट बघत नसे. शेवटी मी विचारायचे, काही चुकलं असेल तर सांगा. रावसाहेब खांद्यावरची शाल सावरत म्हणायचे, “लई झकास, मॅडम. अगदी मनासारखं.”

आपल्याकडे ज्यानं शाल घातली त्याच्या तोंडावर त्याचं उणं काढायचं नसतं. हे कुणी शिकवत नाही, अंगातच असतं. परदेशी पद्धत ठरवणाऱ्यांनी समोरचा मोकळेपणी बोलेल असं गृहीत धरलं होतं. त्याला आधी शाल घातली जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

आमच्याकडे नसरीन नावाची मुलगी होती. झालेल्या कामात चुका शोधायच्या, ही तिची नोकरी. जीभही त्याला साजेशी. एका डेमोनंतर नारळांचं पोतं उचलून ठेवताना ती म्हणाली, “ताई, ये डेमो है की शादी का रिसेप्शन? लिफाफा तेवढा द्यायचा राहिलाय.”

सगळे हसले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या हिरव्या, म्हणजे पूर्ण झालेल्या, होत्या, महिनोन् महिने एकही तक्रार नव्हती. ज्या प्रकल्पात कुणीच कुरकुरत नाही, तो प्रकल्प अजून कुणी मनावर घेतलेलाच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. गाळपाचा हंगाम जवळ येत होता आणि हंगामाची तारीख आमच्या पंधरवड्यांसाठी थांबत नाही. तिकडे एक माणूस गावासमोर शब्द देऊन बसला होता.

घरी जाताना नसरीनचं वाक्य डोक्यात फिरत होतं. लग्न. माझ्या स्वतःच्या लग्नात यांचे एक मामा पानात मोडका पापड वाढला म्हणून ताटावरून उठले होते. माझ्या वडिलांनी हात जोडून त्यांना परत बसवलं. त्या मामांचा राग मी वर्षानुवर्षं जपून ठेवला होता. त्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या मला त्यांची पहिल्यांदा किंमत कळली. आपल्या समाजात एक जागा अशी आहे, जिथं पाहुण्याला मान मिळतो आणि खोड काढायचा हक्कही मिळतो. ती म्हणजे वरपक्ष. आंघोळीचं पाणी कोमट होतं इथपासून गादी टोचली इथपर्यंत तो काहीही बोलू शकतो, आणि बोलला नाही तरच लोकांना नवल वाटतं.

पुढचा डेमो मी ऑफिसात ठेवलाच नाही. रावसाहेबांच्या गावात, त्याच सभामंडपात ठेवला. रावसाहेबांखेरीज गटातले शेतकरी बोलावले. संचालकांना सांगितलं की शाली आणायची जबाबदारी माझी, आणि एकही आणली नाही. पडदा लावला, सगळे बसले, आणि मी उभी राहून म्हणाले, “आज तुम्ही वरपक्ष. आम्ही मुलीकडचे. कार्य आमच्याकडे आहे. जो खोड काढेल त्याला चहा, जो छान म्हणेल त्याला नुसतं पाणी.”

आधी लोक एकमेकांकडे बघून हसले. मग मागून एक आजोबा म्हणाले, “अक्षर लई बारीक हाय.” मी त्यांना सगळ्यांदेखत चहा दिला. मग काय विचारता! मोबाइलचा पडदा उन्हात दिसत नाही. नाव टाकलं की दुसऱ्याच गावातला त्याच नावाचा माणूस निघतो. एकानं तर चहाच पांचट आहे म्हणून सांगितलं, त्यालाही मी हात जोडले. आमची मुलं भराभर लिहून घेत होती. इतक्या डेमोंत मिळालं नाही ते अर्ध्या तासात मिळालं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं गयाबाई उठल्या. त्यांचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं. सासऱ्यांनी कधीतरी शिवाराच्या आतल्या अंगाला जमीन घेऊन मुक्काम केला, तेव्हापासून शेती. माळावर मेंढरांना हाका घालून कमावलेला आवाज होता, त्यांना माइक लागला नाही.

“पयली पाळी माझी लागली म्हणता,” त्या म्हणाल्या. “लई चांगलं झालं. पर ऊस काय म्या इमानात घालून नेऊ? माझं शेत आतल्या अंगाला. म्होरं अण्णाचा ऊस हुबा हाय. त्यो तुटल्याबिगर माझ्याकडं ट्रॅक्टर येतो व्हय?”

गोष्ट सगळ्यांना माहीत होती. आतल्या शेताला हंगामापुरती वाट मिळते ती पुढच्या शेतातला ऊस निघाल्यावर. आमच्या सॉफ्टवेअरला तारीख कळत होती, वाट कळत नव्हती. आणि पुढचं शेत होतं रावसाहेबांच्या सख्ख्या भावाचं, ज्यांची लागण, म्हणजे उसाची लावणी, गयाबाईंच्या नंतरची होती. सगळ्यांच्या माना एकदम रावसाहेबांकडे वळल्या. मी माझ्या टीमकडे बघितलं, तर रोहित खाली मान घालून बसला होता.

रोहित गंगापूरजवळच्याच एका बागायतदार घरातला. पाळीचा प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. परतताना जीपमध्ये मी त्याला विचारलं, “तुला हे माहीत होतं?”

“हो ताई. आमच्या शेतातूनच चुलत्यांच्या गाड्या जातात.”

“मग बोलला का नाहीस?”

“चिठ्ठीत तसं नव्हतं. आणि तारखेप्रमाणे पाळी हा तर रावसाहेबांचा शब्द. त्यांच्या खांद्यावर आपण शाल घातलेली. भर सभेत त्यांना कसं म्हणू, की तुमचा शब्द चालणार नाही?”

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. तो वागला तसंच घरचं वळण असलेला कुठलाही मुलगा वागला असता.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब उस्मानपुऱ्यात आले. अण्णांचा ऊस आधी तोडायचा, हा बदल रोहित एका दुपारात करू शकत होता. रावसाहेब म्हणाले, “तसं केलं की संपलं. गाव म्हणंल, बगा, पयल्याच दिवशी भाऊ म्होरं काढला.”

आमच्या संचालकांनी दुसरा तोडगा सुचवला. अधिकाऱ्याला पाळी हातानं बदलता येईल असं एक बटण द्या, नडल्या वेळी वापरा. रावसाहेब खुर्चीतून उठलेच. “साहेब, त्ये बटन मला देऊ नका. आज एक बटन दिलं की उद्या सगळ्या गटाचे फोन त्या बटनासाठी येतील. मला नाय म्हणता येत नाय, म्हणून तर कम्प्युटर पायजे होता.” मला त्यांच्याबद्दल तेव्हा फार आदर वाटला.

ती चर्चा टीममध्ये बराच वेळ चालली. ऊस पाहिलेली माणसं आडवे-उभे तक्ते काढत होती. ऊस फक्त रसवंतीवर पाहिलेली नसरीन वैतागून म्हणाली, “पूरा खेत काहेको काटते? बारात निकालनी है तो गल्ली चाहिए ना, घर थोडी पाडतात!”

खरंच की. अण्णांचा सगळा ऊस कशाला काढायचा? ट्रॅक्टर जाईल एवढाच पट्टा काढायचा, वाट करायची. गयाबाईंचा ऊस तारखेप्रमाणे पहिला बाहेर पडेल आणि अण्णांचा बाकीचा ऊस आपल्या पाळीपर्यंत उभा राहील. लोक अडीनडीला आपसात असं करतही असत, पण व्यवस्थेत त्याला जागा नव्हती. आम्ही ‘वाट’ नावाचा नवा प्रकार करायचा ठरवला. मात्र ज्याच्या उभ्या उसातून वाट काढायची, त्याचा होकार हवा, ही अट नसरीननं पहिल्यांदा लिहिली.

होकार आणायचा कुणी, तर धाकट्या भावानं. रावसाहेबांनी मला सोबत नेलं, एकट्यानं जायचा धीर होत नसावा. अण्णा गोठ्यात होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “म्हंजी माझ्या उसाचा मधून भांग पाडायचा?”

“व्हय, अण्णा.”

“का, तर तू सभामंडपात बोलून बसलास म्हणून.”

अण्णांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि एकच शब्द बोलले, “पाड.”

आता एक लढाई उरली होती, ती मलाच लढायची होती. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांना ही व्यवस्था सगळ्या गटांत, सगळ्या कारखान्यांत एकाच दिवशी, हंगामाच्या मुहूर्तावर सुरू करायची होती. मोठ्या प्रकल्पांचा घात इथेच होतो. ज्या चुका अजून सापडलेल्या नाहीत, त्या मग सगळीकडे एकदम उगवतात. मी म्हणत होते की आधी एकच गट, गंगापूरकडचा. तो नीट चालला की पुढचा. आमचे संचालक टेबलाखालून मला खुणा करत होते. मी चेअरमनसाहेबांना विचारलं, “साहेब, मोळीपूजनाला तुम्ही गव्हाणीत काय टाकता?”

“मोळी,” ते म्हणाले. गव्हाण म्हणजे ऊस कारखान्यात ओढून नेणारा पट्टा. हंगामाच्या सुरुवातीला त्यात उसाची पहिली मोळी पूजा करून टाकतात.

“सगळ्या जिल्ह्याचा ऊस त्याच दिवशी का नाही टाकत?”

ते मोठ्यानं हसले. “करा तुमच्या मनासारखं. पण त्या एका गटात फजिती झाली तर माझ्याशी गाठ आहे.” माझ्या सगळ्या नोकरीत मी एखाद्या वाक्यावर एवढी खूश झाले नसेन.

मोळीपूजनाच्या सकाळी मी, रोहित आणि नसरीन जीपनं गंगापूरला आणि तिथून गावात पोचलो. निम्मं गाव बांधावर जमलं होतं. कौतुकाला किती आणि फजिती बघायला किती, ते सांगता येणार नाही. गयाबाईंच्या फोनवर आदल्या दिवशी पाळीचा निरोप आला होता आणि तो त्या प्रत्येकाला दाखवत होत्या. टोळीनं सकाळीच अण्णांच्या उसातून सरळ पट्टा काढला होता. अण्णा एकटेच पलीकडच्या बांधावर उभे होते. मी त्यांच्याशी दोन शब्द बोलून आले. तेवढ्यात रावसाहेब कारखान्यावरची पूजा उरकून आले, तिथं मिळालेली शाल खांद्यावर तशीच होती. ते शेताकडे तोंड करून उभे राहिले.

खूप वेळ नुसता कोयत्यांचा आवाज येत होता. मग ट्रॅक्टर सुरू झाल्याचं ऐकू आलं. गयाबाईंच्या उसानं भरलेली ट्रॉली त्या वाटेनं डुलत डुलत बाहेर येऊ लागली. दोन्ही अंगांनी अण्णांचा ऊस उभा, पाचट ट्रॉलीला घासत होतं. ती सडकेला लागली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन रावसाहेबांपुढे गेल्या.

“घ्या,” त्या म्हणाल्या, “आता प्या या गावात पानी.”

रावसाहेबांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळा संपवला. माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. रोहित मात्र दुसरीकडे बघत होता.

मग रावसाहेब माझ्याकडे आले, स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि माझ्या खांद्यावर घातली. “मॅडम, इतके दिस तुमी आमाला इचारलं. आता म्या इचारतो. काय कमी पडलं, सांगा.”

मी म्हणाले, “काही नाही रावसाहेब. सगळं छान झालं.”

“बगा!” गयाबाई ओरडल्या. “शाल पडली आन ही बाई बी मुकी झाली!”

बांधावर हशा पिकला. मीही हसले, पण बाईंनी बरोबर पकडलं होतं. सकाळी अण्णांनी मला जे सांगितलं, ते माझ्या जिभेवर होतं आणि शालीनं ते मागे सारलं होतं. मी शाल काढली, घडी घातली आणि रावसाहेबांच्या हातात परत दिली.

“एक कमी पडलं,” मी म्हणाले. “गयाबाईंना निरोप गेला, टोळीला गेला. ज्यांच्या उसातून वाट काढली, त्यांना आम्ही काहीच कळवलं नाही. कधी तोडणार, किती तोडणार, काही नाही. अण्णा उजाडल्यापासून त्या बांधावर उभे आहेत.”

रावसाहेबांचा चेहरा उतरला. ते वळले आणि मघाशी ट्रॉली आली त्याच वाटेनं पलीकडे चालत गेले. आम्ही सगळे बघत होतो. अण्णांपुढे ते उभे राहिले, वाकून पाया पडले आणि ती शाल त्यांच्या खांद्यांवर घातली. अण्णांनी घालू दिली. मग अलीकडच्या बांधावर स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात ते म्हणाले, “शाल ऱ्हाऊ दी. माझा ऱ्हायलेला ऊस कवा तोडनार, त्ये सांग आधी.”

खांद्यावर शाल असताना तोंडावर खोड काढणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. नंतर ऐकलं की आमच्या कंपनीत पुढच्या एका मोठ्या कामात डेमोला पुन्हा शाल-नारळ सुरू झाले, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण त्या सकाळी वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. रोहितनं खिशातून पेन काढलं, मी सांगायची वाट पाहिली नाही, आणि बांधावर उभ्या उभ्या पुढच्या पंधरवड्याची पहिली चिठ्ठी लिहिली: ‘वाट देणारा शेतकरी म्हणून मला सगळ्यांच्या आधी निरोप यावा.’